पिवळ्या चड्डीचा दाखला

माणूस केवढा मोठा आहे हे त्याच्या भाषणावरून कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्याची चड्डी कधी धुतलेली नसते. मावशीने धुतल्या होत्या. विद्यापीठाच्या रग्बी क्लबच्या चड्ड्या आणि जर्सी, आठवड्याला साठ-सत्तर, सव्वीस वर्षं. त्यामुळे क्लबातल्या कुठल्याही थोर पुरुषाकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जो भाव येई, त्याला लोक आदर समजत. तो आदर नव्हता.

तिची खोली गॅलरीच्या पायऱ्यांखाली होती. छत दाराकडे उतरत गेलेलं, त्यामुळे उंच माणसाला आत येताना मान तुकवावी लागे, आणि मावशीला ते आवडे. दोन मशीन, एक ड्रायर, सिमेंटचा हौद, दाराशी लाकडी फळीचं काउंटर आणि भिंतीवर नंबर रंगवलेल्या तीस खुंट्या. ड्रायर सुरू झाला की थरथरत वीतभर पुढे सरकायचा; मावशी त्याला गुडघ्याने मागे रेटायची, हट्टी पोराला शाळेत ढकलावं तसं. चिखल आधी साध्या थंड पाण्यात सोडायचा, रक्त मिठाच्या थंड पाण्यात, गरम पाणी सगळ्यात शेवटी. दोन-दोन पदव्या घेतलेल्या पुरुषांना एवढं सव्वीस वर्षांत कळलं नव्हतं. ते रक्ताळलेली जर्सी घरी उकळून आणत आणि म्हणत, "मावशी, डाग जात नाही हो."

"गेला असता," मावशी म्हणे, "तुम्ही शिजवला नसतात तर."

सामना बघायला ती फारशी बाहेर जात नसे. संध्याकाळी कपड्यांचा ढीग आला की कोण पडलं, कोण धडकलं आणि कोण लांब उभं राहून नुसतं ओरडलं, ते तिला न बघता कळे. ज्याची चड्डी कोरी त्याच्याच गप्पा लांब, हा तिचा अनुभव होता आणि त्याला अजून अपवाद सापडला नव्हता.

त्या महिन्यात क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. सुवर्णमहोत्सव म्हणून मैदानाच्या कुंपणाला नवा रंग लागला, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूला लागला. अठ्ठेचाळीस पानांची स्मरणिका निघाली. तिच्यात अकरा पानांवर अध्यक्षांचे फोटो होते आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच पानांवर त्यांच्याच सिमेंटच्या जाहिराती. अध्यक्ष म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या पहिल्या संघाचे कप्तान. खेळत होते तेव्हा त्यांना रणगाडा म्हणत. आता तसं फक्त ते स्वतः म्हणत.

गॅलरीच्या दारात एका टेबलावर थर्माकोलचा नमुना मांडला होता. 'गौरव दालन', अध्यक्षांच्या नावाचं. काचेच्या कपाटात चषक, भिंतीवर तसबिरी आणि मधोमध बोटाएवढा प्लास्टरचा माणूस, काखेत चेंडू घेऊन पळणारा. मावशीने जाता-येता नमुना नीट पाहिला. पायऱ्यांखालची आपली खोली तिने शोधली. तिथे हिरव्या स्पंजचं एक झाड चिकटवलेलं होतं.

लेकीने तिला ते दुपारी समजावून सांगितलं. लेक कुलसचिवांच्या कार्यालयात लिपिक होती आणि डबा खायला रोज आईच्या खोलीत येई, कारण कार्यालयात सगळे एकमेकांच्या डब्यात डोकावत.

"आई, ही खोली जातेय."

"कुठे?"

"कुठे काय! पाडतायत. कपडे बाहेरच्या कंपनीकडे द्यायचे आणि तुझं पद रद्द. फाइल माझ्याच हातून गेली. अध्यक्षांची सही तेवढी राहिलीय, ती सोमवारी. शनिवारी समारंभात घोषणा, सोमवारी सही."

मावशीने घास खाली ठेवला. "निवृत्तीला चार वर्षं आहेत माझ्या."

"तुझ्या चार वर्षांसाठी ते प्लास्टरचा माणूस ताटकळत ठेवतील?"

ड्रायर सरकत पुढे आला होता. मावशी उठून त्याला रेटून आली. या खोलीबाहेर आपण काय करू, हा प्रश्न तिने आजवर स्वतःला विचारला नव्हता.

"थोरल्या मामांचं वय काय गं?" लेकीने विचारलं.

"एकाहत्तर पूर्ण."

"आणि हा रणगाडा मामांच्या बाकावर बसायचा ना शाळेत?"

"बसायचा नाही. झोपायचा."

"मग क्लबच्या वहीत तो अडुसष्टचा कसा?"

कसा ते मावशीला ठाऊक होतं, थोरल्याने शंभरदा सांगितलं होतं. विद्यापीठाच्या संघात पंचविशीपर्यंतच खेळता येई. रणगाड्याने पहिल्याच दिवशी वहीत तीन वर्षं खाल्ली, आणि अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत विशीतल्या पोरांना तुडवून पदकं मिळवली. शिंगं मोडून वासरांत शिरलेल्या बैलाला वासरांनी कप्तान केलं, आणि त्याच पदकांसाठी आता दालन उभं राहायचं होतं. पुढे त्याच्याकडे वयाचा दाखला कुणी मागितलाच नाही. अध्यक्षाकडे कोण मागणार?

"नियमात स्पष्ट लिहिलंय, आई. सत्तरी उलटली की क्रीडा मंडळावर, म्हणजे क्लबच्या अध्यक्षपदावरही, राहता येत नाही. खुर्ची गेली की सही गेली, सही गेली की फाइल गेली. कुलगुरूबाईंना एक निनावी पत्र टाक."

"निनावी पत्र टाकायला मी काय क्लबची सभासद आहे?" मावशी म्हणाली आणि डबा बंद केला.

समारंभाचा मुख्य सामना ज्येष्ठांचा होता. क्लबचे जुने खेळाडू विरुद्ध बंदर कामगारांचा जुना संघ. अशा सामन्यात चड्डीच्या रंगाला अर्थ असतो. साठीच्या आतल्याला पांढरी: त्याला धरा, पाडा, काय हवं ते करा. साठ ते सत्तर लाल: धरायचं, पण पाडायचं नाही. सत्तरीच्या पुढे पिवळी: हातसुद्धा लावायचा नाही, वाट देऊन बाजूला व्हायचं.

हे रंग मावशीच्या हातून वाटले जात, आणि कसे वाटायचे याचा लेखी आदेश होता. नऊ वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी, वय पासष्ट, प्रेक्षकांत बसलेल्या एका बाईंना आपण अठ्ठावन्न आहोत असं सांगून ठेवलेलं असल्यामुळे पांढरी चड्डी मागून घेतली. दहाव्या मिनिटाला त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. चौकशी झाली. चौकशीत खोटं बोलणारे ग्रंथपाल निर्दोष ठरले, पाडणारा निर्दोष ठरला, पंच निर्दोष ठरले, आणि दोषी कोण, तर चड्डी देणारी. मावशीच्या सेवापुस्तकात शेरा पडला आणि आदेश निघाला: वयाचा दाखला किंवा क्लबची नोंदवही पाहिल्याशिवाय कोणाही ज्येष्ठ खेळाडूस चड्डी देऊ नये; चड्डीच्या पट्टीवर जन्मसाल शिवावे; कसूर झाल्यास सर्व जबाबदारी धुलाई कर्मचाऱ्याची राहील. खाली अध्यक्षांची सही, दोन वळणांची, शेपटीवाली.

मावशीने तो कागद चौकटीत बसवून काउंटरच्या वर टांगला होता. तेव्हापासून कुणी कितीही मोठा असो, ती आधी हात पुढे करी. निवृत्त न्यायाधीशांनी दाखला दाखवला होता. शल्यविशारदांनी दाखवला होता. एकाने तर रागाने पासपोर्ट, वाहन परवाना आणि बायकोलाच आणून उभं केलं होतं.

गुरुवारी सकाळी अध्यक्ष मान तुकवून आत आले. गेल्या हिवाळ्यात त्यांचा खुबा बदलला होता, त्यामुळे चालताना ते एका बाजूला झुकत, जसं गाडीचं एक चाक सतत खड्ड्यात असावं. पडायचं नाही आणि खुब्याला पीळ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं, की सुवर्णमहोत्सवी सामन्याचा शेवटचा ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे नेऊन चेंडू जमिनीला टेकवण्याचा मान, स्वतः कप्तान घेतील.

"काय मावशी, कसं काय?"

बारा वर्षांच्या अध्यक्षपदात त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. त्यामुळे यांना काहीतरी हवंय हे मावशीला लगेच कळलं.

"बरं आहे."

"झाले सगळ्यांचे कपडे?"

"तुमचे राहिलेत."

"हो, हो. त्याचंच." त्यांनी खुंट्या बघितल्या, हौद बघितला, ड्रायरचं कौतुक केलं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस भांड्याशिवाय बाकी सगळ्यावर बोलतो. शेवटी म्हणाले, "मी काय म्हणतो, पिवळ्या चड्डीकडे आपण जरा वेगळ्या दृष्टीने बघायला हवं. पिवळा म्हणजे सोनेरी. आपला सुवर्णमहोत्सव. तेव्हा पहिल्या संघाच्या कप्तानाला मान म्हणून पिवळी. वयाशी संबंध नाही."

"मग त्याला हात लावायचा की नाही?"

"छे! तो मानाचाच भाग झाला."

मावशीने हात पुढे केला. "दाखला."

"मानाला कसला आलाय दाखला?"

"चड्डीला लागतो." तिने वर बोट केलं. "तुमचीच सही आहे."

अध्यक्षांनी चष्मा लावून आपलाच आदेश वाचला. कुणी दुसऱ्याने आपला अपमान लिहून टांगलाय असा त्यांचा चेहरा झाला.

"हा मी काढलेला आदेश आहे. मीच मागे घेतो."

"लेखी द्या."

लेखी द्यायचं म्हणजे कारण द्यायचं. अध्यक्ष बाकावर बसले, अर्धे, चांगल्या खुब्यावर. आवाज खाली आला.

"मावशी, ही खोली..."

"पाडायचीय. माहितीये."

"नमुना म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. दालन थोडं डावीकडे सरकवता येईल. तुमची चार वर्षं आरामात जातील. मी शब्द देतो." ते थांबले. "एक चड्डी, मावशी. पट्टीवर साल न शिवता. त्यात काय एवढं?"

मावशीने विचार केला नाही असं नाही. तिने चांगला विचार केला. मशीनचं एक आवर्तन संपून दुसरं सुरू होईपर्यंत केला. हातभर कापड, चार वर्षं. असा सौदा कुठल्याच बाजारात मिळाला नसता. पण हा मैदानात नुसता ठेचकाळला तरी चौकशी बसणार, आणि चौकशीत दोषी कोण ठरतं हे तिला पाठ होतं. आणि समजा नाही ठेचकाळला, तर चार वर्षं रोज सकाळी दार उघडताना आठवणार की ही खोली आपल्याला रणगाड्याने दिली. एवढ्या हलक्या माणसाचं एवढं जड ओझं घ्यायला तिची पाठ तयार होईना.

तिने कपाटातून क्लबची नोंदवही काढली आणि काउंटरवर उघडी ठेवली.

"वहीप्रमाणे तुम्ही अडुसष्ट. म्हणजे लाल. दाखल्याप्रमाणे जे काय असेल ते. सांगा, कुठलं बघू?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अध्यक्षांची गत झाली. त्यांनी वहीकडे बघितलं, मग मावशीकडे.

"तुमचा भाऊ काही बोलला का?"

"तुमची आठवण काढतो. बाकावर जागा पुरायची नाही म्हणतो."

मशीनमध्ये पाणी भरत राहिलं.

"लाल द्या," अध्यक्ष म्हणाले.

मावशीने लाल चड्डीची घडी पुढे केली. पट्टीवर वहीतलं साल तिने आधीच शिवून ठेवलं होतं. अध्यक्षांनी ती काखेत मारली आणि दाराशी वळले. "सोमवारी खोली रिकामी लागेल." एवढं रुबाबात बोलून ते निघाले आणि मान तुकवायचं विसरले. छताच्या तुळईचा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार.

लेक दुपारी संतापली. "एक चड्डी मागत होता, आई! एक!"

"दिली की. लाल."

"तुझी ना, कमाल आहे! तत्त्वाला खायला घालणारेस का आता?"

"तत्त्व कुठलं? आदेश आहे," मावशी म्हणाली. पण त्या दिवशी तिने खुंट्यांवरचे नंबर उगाचच पुसून घेतले, एक ते तीस. लेक डबा न उघडताच निघून गेली.

शनिवारी दुपारी मैदान भरलं. माजी खेळाडू आले होते, पोटं घेऊन. एकमेकांच्या पाठीत दणके घालत होते आणि पन्नास वर्षांत न जिंकलेले सामने जिंकत होते. कुलगुरूबाई पहिल्या रांगेत मधोमध बसल्या. त्या संख्याशास्त्राच्या. रग्बीतलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्या ते लपवतही नव्हत्या. त्यांच्यासारख्यांना खेळ समजावा म्हणून पंचांच्या कॉलरला माइक लावला होता, म्हणजे प्रत्येक निर्णय भोंग्यावर ऐकू जाई. ही कल्पना अध्यक्षांची. आपला ट्राय चौकापर्यंत ऐकू जावा, एवढाच तिच्यामागचा विचार. पंच म्हणजे एका शाळेचे व्यायामशिक्षक, शिट्टीशिवाय दुसऱ्या कुणाला न भिणारे.

बंदरवाल्यांनाही चड्ड्या मावशीच देत होती. ते रांगेत उभे राहिले आणि न सांगता दाखले काढले. गोदीच्या फाटकावर रोज ओळखपत्र दाखवायची त्यांच्या हाताला सवय होती. त्यांतला एक त्रेसष्ट वर्षांचा, खांद्यांवर मानच नसलेला, पस्तीस वर्षं क्रेन चालवलेला गडी. त्याने आपली लाल चड्डी उलटून पट्टीवरचं साल वाचलं आणि खूश झाला.

तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी आले. दातांचे डॉक्टर, रग्बी क्लबमुळे त्यांचा दवाखाना बारमाही चाले. क्रेनवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटी साहेबांकडे चेंडू येईल. तेव्हा जरा जपून, काय?"

"जपून म्हणजे?"

"म्हणजे... तुम्ही समजून घ्या."

क्रेनवाला समजून घेणाऱ्यांतला नव्हता. डॉक्टर गेल्यावर त्याने मावशीला विचारलं, "लाल म्हणजे धरायचं ना, मावशी?"

"धरायचं. पाडायचं नाही."

"साहेबांची कुठली?"

"लाल."

"मग झालं तर. जपूनच धरीन." आणि तो बोटं मोडत बाहेर गेला.

मावशीने खोलीला कडी लावली. कपाटातून एक घडी काढून काखेत घेतली आणि सव्वीस वर्षांत मोजक्या वेळा केलं ते केलं: पायऱ्यांशी जाऊन सामना बघत उभी राहिली. ही खोलीतली शेवटची दुपार असली, तर हा एक ढीग कसा मळतो ते तरी बघावं, असं तिला वाटलं.

सामना कसला, वरातच होती ती. लोक पळत कमी होते आणि गुडघे धरून उभे जास्त. अध्यक्ष सगळा वेळ रेषेजवळ उभे राहून इतरांना दिशा दाखवत होते. त्यांच्या लाल चड्डीला एक गवताची काडी चिकटली नव्हती. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा ठरल्याप्रमाणे चेंडू हातोहात त्यांच्याकडे आला. ठरल्याप्रमाणे क्लबवाले बाजूला झाले. बंदरवालेही बरेचसे झाले. भोंग्यावर निवेदक किंचाळला, "आणि कप्तान निघाले! आमचा रणगाडा निघाला!"

रणगाडा निघाला, एका चाकावर. रेषा वीस पावलांवर होती. मग पंधरा. मग दहा. आणि डाव्या बाजूने क्रेनवाला आला, घाई न करता, आणि त्याने अध्यक्षांना कमरेत धरलं. नियमाप्रमाणे पाडलं नाही. ओझं उचलायचं, हिसका द्यायचा नाही आणि सांगितल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, हे तो पस्तीस वर्षं करत आला होता. अध्यक्षांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर गेले आणि तिथेच राहिले.

"सोड!"

"चेंडू सोडा, मग सोडतो."

"अरे खुबा! नवा खुबा आहे!"

"नवा आहे तर टिकेल की."

पंच धावत जवळ आले, आणि त्यांच्याबरोबर माइकही आला. त्यामुळे पुढचं सगळं पहिल्या रांगेपासून रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

"पंच, याला सांगा! मला हात लावायचा नाही!"

"लाल आहे तुमची," पंच म्हणाले. "धरता येतं."

"लाल गेली खड्ड्यात! सत्तरीच्या वरचा आहे मी! एकाहत्तर! एकाहत्तर पूर्ण झालेत मला, गाढवा, सोड!"

भोंग्याने 'एकाहत्तर' दोनदा म्हटलं, एकदा मैदानाच्या या टोकाला आणि एकदा त्या.

क्रेनवाल्याने ताबडतोब सोडलं. म्हणजे अलगद खाली ठेवलं आणि चड्डीची सुरकुतीसुद्धा नीट केली. "आधी सांगायचं ना, आजोबा," तो म्हणाला, आणि खरोखर ओशाळला.

पंचांनी शिट्टी वाजवली. "खेळाडूची चड्डी वयाप्रमाणे नाही. बदलल्याशिवाय खेळ पुढे नाही." मग त्यांनी गॅलरीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

मावशी मैदानात उतरली. काखेतली घडी उलगडली: पिवळी, अध्यक्षांच्या मापाची, पट्टी कोरी. ती गुरुवारीच शिवून ठेवली होती. माणूस दाखला घेऊन परत आला आणि माप तयार नसलं, असं तिच्याकडे होत नसे. अध्यक्षांनी हात पुढे केला. तिने घडी दिली नाही.

"दाखला."

"आत्ता सांगितलं ना सगळ्यांसमोर!" अध्यक्षांचा आवाज फाटला.

"तोंडी चालत नाही. आदेशात लेखी म्हटलंय."

गॅलरीत कुणीतरी हसलं आणि मग हसणं थांबेना. ज्या माणसांनी सकाळपासून या माणसाच्या पाठीत प्रेमाचे दणके घातले होते, ती सगळी आता तोंडावर स्मरणिका धरून खिदळत होती. मावशीला अध्यक्षांपेक्षा या लोकांचीच जास्त किळस आली. निदान अध्यक्ष पाय हवेत असताना तरी खरं बोलले होते.

कुलगुरूबाई उठून रेषेपर्यंत आल्या. स्मरणिकेतल्या पदकांच्या सालांवरून डोक्यातल्या डोक्यात त्यांची वजाबाकी झालेली दिसत होती. "एकाहत्तर," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे शेवटचं पदक मिळालं तेव्हा अठ्ठावीस. आणि क्रीडा मंडळाची मर्यादा सत्तर." मग मावशीकडे वळून, "लेखी मी घेते. तुम्ही ती चड्डी राहू द्या."

शेवटचा ट्राय झालाच नाही. गौरव दालनाची घोषणाही झाली नाही. घोषणेचा कागद निवेदकाच्या हातात होता आणि त्याने तो निमूटपणे खिशात घातला.

सोमवारी सही झाली, पण राजीनाम्यावर. कारण 'प्रकृती' असं लिहिलं. विद्यापीठाला लबाडी सापडली की विद्यापीठ नेहमीच प्रकृतीची चौकशी करतं. पदकं कुणी परत मागितली नाहीत, कारण मग त्या काळचे सगळेच चषक परत करावे लागले असते. उलट क्लबातल्या प्रत्येकाला आता हे पहिल्यापासून ठाऊक होतं. जो तो सांगत होता, मला तर तेव्हाच शंका आली होती. शंका आली तेव्हा त्याने मूग गिळले होते आणि वर स्मरणिकेत शुभेच्छा छापल्या होत्या, हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

लेक दुपारी डबा घेऊन आली आणि बाकावर बसत म्हणाली, "फाइल परत आली. 'तूर्त स्थगित.' माझ्याच हाताने कपाटात ठेवली. तिथून फाइल बाहेर काढायची तर आधी मला सापडायला हवी."

"जेव," मावशी म्हणाली. तिने स्वतःही त्या दिवशी पूर्ण डबा खाल्ला.

हंगामी अध्यक्ष झाले दातांचे डॉक्टर. बुधवारी ते मान तुकवून आत आले. हातात थर्माकोलचा नमुना होता, हिरव्या झाडासकट.

"हे कुठेतरी ठेवून घ्या, मावशी. दालन आता रद्दच. गौरव कुणाचा करायचा, तेच कळेना. तुमची खोली आहे तिथेच राहील, काळजी करू नका."

"मी कुठे करतेय?"

"कसं काय, बाकी बरं?"

मावशी सावध झाली. डॉक्टर खुंट्या बघत होते.

"पुढच्या महिन्यात बंदरवाल्यांशी परतीचा सामना आहे," ते म्हणाले. "तो क्रेनवाला भारीच आहे हो. मला काय वाटतं, माझं वय तेव्हा एकोणसाठ वर्षं अकरा महिने. सामना एकवीस तारखेला आणि मला साठ पूर्ण होतात तीसला. नऊ दिवसांचा तर प्रश्न. लाल दिली तर..."

मावशीने वर बोट केलं. डॉक्टरांनी आदेश वाचला, खालची दोन वळणांची शेपटीवाली सही वाचली आणि घसा साफ केला.

"पांढरीच द्या," ते म्हणाले.

ते गेल्यावर तिने खोलीचं काय ते ठरेपर्यंत तसाच पडून राहिलेला शनिवारचा ढीग काढायला घेतला. चिखलाच्या जर्सी थंड पाण्यात गेल्या, रक्ताच्या दोन कॉलरी मिठाच्या पाण्यात. अध्यक्षांची लाल चड्डी तिने उजेडात धरून पाहिली. डाग नव्हता, गवत नव्हतं. कमरेशी फक्त क्रेनवाल्याच्या दोन पंजांचे ठसे होते, ग्रीसचे. ती हौदात टाकली. पिवळी मात्र घडी करून कपाटात ठेवली, तशीच. जो कपडा कुणी अंगाला लावला नाही, तो धुवायची तिची पद्धत नव्हती.